माळवदाखालचा गारवा

मंडळी, रात्रीचे आठ वाजले तरी तुम्ही घरी न जाता इथं बसलात, ते माझ्या व्याख्यानासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. घरातला स्लॅब अजून तापलेला आहे. करमाळ्याच्या उन्हात पाच इंची काँक्रीट दिवसभर भाजतं आणि रात्री ती धग आपल्या अंथरुणावर सोडतं. पंखा तीच झळ खाली ढकलतो.

आजीच्या माळवदाखाली असं होत नसे. तुळया, सर, त्यावर किलचा, पाला, चिखल आणि शेवटी पांढरीची माती. वैशाखात भरदुपारी आत पाऊल टाकलं की आधी डोळ्यांपुढं अंधारी येई, मग पाठीवरचा घाम गार पडे. पण माळवदाला एक खोड होती. मृगाआधी वर नव्या मातीच्या पाट्या पडत. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर झाला की ती झाली एक ब्रास माती! चार टनांच्या पुढं वजन, भिजली की आणखी जड. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि असलीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले.

उष्णता अडवायला वजन लागत नाही, कोंडलेली हवा लागते. इंचभर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतं, तेवढी अडवायला तीन फुटांहून जाड काँक्रीट लागेल. तेव्हा गच्चीवर मुरूम पसरू नका. आधी गळती बंद करा. मग दाबाला टिकणारे फोमचे बोर्ड सांधे जुळवून बसवा, वर पन्हाळीकडे उतार देऊन पातळ कोबा आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे. कोब्याचंही वजन असतंच, ते स्लॅबला पेलेल का हे इंजिनिअरला विचारा. एवढा खर्च झेपत नसेल तर चुना मारा. चुन्याला मी कमी लेखत नाही.

पत्र्याखाली उघडं थर्माकोल लावतात, ते मला बिलकूल पसंत नाही. ठिणगी पडली तर ते वितळत पेटतं, धूर विषारी. वायर त्याला चिकटवू नका, पाइपातून न्या. पत्र्याखाली काचलोकर लावून घेत असाल, तर ती लावणाऱ्या पोराला मास्क, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. मजुरीत घासाघीस करा, यात नको.

आणि घरावर जुना करडा सिमेंटचा पत्रा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला भोक पाडू नका, कापू नका. ती धूळ फुप्फुसात बसते आणि दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं. त्यावर पायही देऊ नका, तो न सांगता तुटतो.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जा, आणि पन्हाळीत काय अडकलंय ते आधी काढा.