घरची सुटी

सलग तीन दिवसांची सुटी आली म्हणजे आमच्या पुण्यातील माणसाला शहर सोडून पळावेसे वाटते. लोणावळ्याचा धबधबा आणि महाबळेश्वरचे धुके त्याला बोलावू लागतात. मग निम्मी सुटी घाटात, पुढच्या गाडीचा तांबडा दिवा न्याहाळण्यात जाते. मीही हा उद्योग पुष्कळ वर्षे केला. परंतु २०२५ साली पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, त्याच रात्री कृष्णजन्म, शनिवारी गोपाळकाला आणि मागोमाग रविवार, असा योग जुळला, तेव्हा मी घरीच राहण्याचे ठरविले. याला कारण एक पातेले.

हे पातेले पितळेचे, आईच्या लग्नातले. अळूचे फदफदे याच पातेल्यात करायचे, असा तिचा जुना दंडक. परंतु आतली कल्हई उडाली आणि ते माळ्यावर गेले. अळूला आंबट हवेच. चिंच किंवा चुका पडल्यावाचून त्याची खाज मरत नाही, आणि आंबट पितळेला लागले की कळकते. म्हणून पाचसहा श्रावण आम्ही स्टीलच्या पातेल्यातले फदफदे खाल्ले. आई काही बोलत नसे. फक्त पहिला घास घेऊन किंचित थांबत असे. त्या थांबण्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळत असे, आणि कल्हईचे काम पुढच्या रविवारवर जात असे.

शुक्रवारी सकाळी खाली अंगणात झेंडावंदन झाले. दिवसभर उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. उपवासाला एवढे जेवता येते, ही आपल्या पूर्वजांची केवढी दूरदृष्टी! रात्री बारा वाजता पाळणा हलविण्यापूर्वी आई दरवर्षी हरिविजयातील कृष्णजन्माचा अध्याय वाचते. यंदा तिने पोथी माझ्या मुलीच्या हाती दिली आणि स्वतः हात जोडून ऐकत बसली. नातीचे कौतुक म्हणून मला त्यात काही विशेष वाटले नाही.

शनिवारी सकाळी पिशव्या शोधत होतो, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आजी पोथी उलटी धरते. मी दोनदा पाहिलं."

मी आईला विचारले. ती म्हणाली, "अरे, मला तो अध्याय पाठच आहे. पान कशाला बघायचं?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून तारीख विचारली. ती रागावली. म्हणाली, "सण सोडून परीक्षा कसली घेतोस?" त्या रागात उत्तर होते.

मीठ, हळद, मोहरी ती बोटांनी ओळखत होती. डबे कधीही जागचे हलू देत नसे. सुनेने एकदा फळी आवरली तेव्हा तिने घर डोक्यावर घेतले होते. आम्ही तो म्हातारपणाचा हट्ट समजलो होतो. एका घरात राहून, रोज तिच्या हातचे जेवून, हे मला दिसू नये! आंधळे नक्की कोण, असा प्रश्न त्या सकाळी मला पडला.

मग आम्ही तिघे रिक्षाने निघालो: मांडीवर पातेले घेतलेली आई, मी आणि मुलगी. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तेथे तांब्यावर घण पडत आले आहेत आणि भांड्यावर ठोक्याठोक्याने चकाकी उठविणारे मठारकाम अजून तेथे चालते. त्याच वाटेवरील एका कल्हईवाल्याकडे आम्ही पातेले दिले. त्याने ते घासून निखाऱ्यावर ठेवले. पूर्वी चामड्याचा भाता असे, आता विजेचा पंखा असतो, एवढाच फरक. पातेले तापल्यावर त्याने नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला आणि पितळेवरचा मळ सुटला. मग कथलाची कांडी टेकविली. कथील अवघ्या २३२ अंशांना वितळते. कापसाच्या बोळ्याने त्याने ते सर्रकन फिरविले आणि काळवंडलेल्या पोटात जणू चांदणे पसरले. मुलगी तोंडाचा आ करून पाहत होती. आई मात्र नाकाने धूर हुंगत होती. "नवसागर चांगला आहे," एवढेच ती म्हणाली.

तेथून चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंगे बदलून पाहिली आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, हे नंबराचं काम नाही. मोतीबिंदू पिकलेला दिसतो. डॉक्टरांना दाखवा." आईला कान उत्तम आहेत. ती तिथूनच म्हणाली, "गौरी-गणपती झाल्यावर बघू."

मंडईत मी भाजी घ्यायची आणि तिने पारखायची असे ठरले. ही अष्टकोनी मंडई १८८६ साली सुरू झाली. तिच्या खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्या महात्मा फुल्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. आईने अळूच्या जुड्या हाताळल्या, देठ मोडून पाहिले, दोन जुड्या परत केल्या. चुका, मुळा, ओले खोबरे घेतले. भाजीवालीला तिच्या डोळ्यांविषयी काही संशय आला नाही; भाव करताना तर मुळीच नाही. घरी येऊन ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, आले, मिरची आणि लिंबाच्या लोणच्याचा खार घालून काला केला. संध्याकाळी चौकाचौकात दहीहंडीचा गलबला होता; आम्ही तो खिडकीतूनच ऐकला.

रविवारी फदफदे झाले. देठ तिनेच सोलले. हरभऱ्याची डाळ, दाणे, गूळ, शेवटी मेथ्यांची फोडणी. पहिला घास घेऊन ती थांबली नाही. दुसरा घेतला आणि म्हणाली, "भात वाढ."

संध्याकाळी पातेले घासून झाल्यावर तिने ते दिव्याखाली धरले आणि विचारले, "चकाकतंय का रे? मला नुसता उजेड दिसतो."

"चकाकतंय," मी म्हणालो.

गौरी-गणपतीनंतर नवरात्र आले, मग दिवाळी. प्रत्येक सणाची सबब तिने वापरली आणि मीही ऐकून घेतली. अखेर दिवाळीनंतर उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. गढूळ झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवितात. अर्ध्या तासात सारे उरकले. चार दिवसांनी ती काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात आली. तिने फळीवरून पातेले काढले, खिडकीशी नेले, फिरवून फिरवून पाहिले आणि मला हाक मारली.

"इकडे ये. हे बघ, काठाला कल्हई बसलीच नाही. किती पैसे दिलेस त्याला?"