सन्मानाने मृत्यू : कायदा आणि रुग्णशय्या

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेले भाषण)



इच्छामरण म्हटले की शरपंजरी भीष्म आठवतात. न्यायालयाने मान्य केलेली गोष्ट त्याहून पुष्कळ साधी आहे. बरे होण्याची आशा नसताना केवळ श्वास लांबविणारे उपचार थांबविणे किंवा सुरूच न करणे, एवढाच ‘निष्क्रिय दयामरणा’चा अर्थ. प्राणघातक इंजेक्शन देणे आजही गुन्हाच आहे.

हा प्रश्न देशापुढे ठळकपणे आला तो एका परिचारिकेमुळे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि पुढील सुमारे ४२ वर्षे त्या तेथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्या वतीने पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्यांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या जगाव्यात असे वाटत होते, आणि न्यायालयाने त्यांचाच शब्द मानला. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता. शुश्रूषेचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. मात्र त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या अनुमतीने निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये अंतर्भूत मानला व पूर्वइच्छापत्रास मान्यता दिली. पण कार्यपद्धती इतकी किचकट, की कागद कपाटातच राहावा! २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष केलेले पत्र नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की पुरते. उपचार थांबविण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांचे मत मात्र आवश्यकच आहे.

आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात ‘डॉक्टर, आता नळ्या काढा’ ही विनंती पुष्कळदा पैसे संपल्यामुळे येते. ती इच्छा रुग्णाची नसते, बिलाची असते. अशा वेळी वैद्यकीय मंडळाआधी समाजसेवा विभागाला बोलवावे. उपचार थांबले तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाहीत, हेही नातेवाइकांना बसवून सांगावे.

मी स्वतः असे पत्र केले आहे. मसुदा वाचून माझी मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, ‘‘बाबा, तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्याचे नाव कोरे का ठेवले आहे?’’ तेथे आता तिचे नाव आहे.