सदऱ्यावरची धूळ

(गडचांदूर येथे हरिनाम सप्ताहात झालेल्या रात्रीच्या कीर्तनावरून)

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

सेवेला घेतलेला अभंग तुकोबारायांचा आहे. टाळकरी मंडळींनी चाल मोठी गोड धरली. अभंग म्हणून झाला, तेव्हा चरण पुन्हा सांगत बसत नाही, अर्थाकडे येतो. महाराज या अभंगात आपलं चरित्र आपणच सांगतात. संतांनी विचारलं म्हणून सांगतात. एरवी असं बोलू नये, हेही सांगून ठेवतात. जात सांगितली, धंदा सांगितला, आईबाप गेल्यावर काय हाल झाले ते सांगितलं. मग दुष्काळ आला.

आता इथं जरा थांबा, माऊली. दुष्काळानं पैसा नेला, एवढंच सांगून महाराज पुढे जात नाहीत. पैसाही नेला आणि मानही नेला, दोन्ही एकाच दमात सांगतात. घरातली एक बायको अन्नासाठी तळमळत गेली, हे सांगतात. आणि त्याच्या लगोलग म्हणतात की मला लाज वाटली. धंद्यात तूट येताना दिसली आणि जीव त्रासला.

लाज वाटली! ज्यांचं नाव घेऊन आपण वाट चालतो, ते म्हणतात, धंदा बुडाला तेव्हा मला लाज वाटली. आपण हा अभंग किती वेळा ऐकला असेल? पण या शब्दावर कोणी थांबत नाही. सगळे लवकर लवकर वैराग्याकडे जातात. आज आपल्याला वैराग्याकडे जायची घाई नाही.

काळ कोणता? इसवी सन 1630 च्या सुमाराचा. सगळा दख्खन होरपळला तो दुष्काळ. देहूच्या मोऱ्यांचं घर म्हणजे काही गरिबाचं घर नव्हतं. महाजनकी होती, दुकान होतं, लोकांकडे येणं होतं. बोल्होबा गेले, कनकाई गेली, थोरल्या सावजींची बायको गेली आणि ते घर सोडून निघून गेले. संसाराचा गाडा कोणाच्या खांद्यावर? पंचविशीच्या आतबाहेरच्या तुकारामाच्या. दोन बायका, लहान लेकरू, धाकटा भाऊ. त्यात दिवाळं निघालं. रखमाबाई गेली. संतू नावाचं लेकरू होतं, तेही गेलं. हे पुराणातलं नाही बाबांनो, हे एका घरात घडलेलं आहे.

आणि आता या घरातून मी तुमच्या घरात येतो.

गडचांदूरला कोणत्याही दिशेनं या, आधी काय दिसतं? चिमणी दिसते. माणिकगड किल्ला मागाहून दिसतो. इथं जमिनीखाली चुनखडी सापडली आणि 1980 च्या दशकापासून या कोरपना-राजुऱ्याच्या भागात सिमेंटचे कारखाने आले. आवारपूर, उपरवाही, इथलं माणिकगड, पुढे नारंडा. कापूस-ज्वारीच्या माणसाच्या हातात गेटपास आला. महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला, पोरं इंग्रजी शाळेत जाऊ लागली, चांगलंच झालं. पण ज्याचं वावर कारखान्यात गेलं, त्याला परत जायला वावर राहिलं नाही, हेही झालं. नारंड्याचा मुरलीचा कारखाना तुम्ही पाहिलाच आहे. वर्षानुवर्षं बंद पडून होता. 2020 मध्ये दालमियानं घेतला तेव्हा पुन्हा हालचाल सुरू झाली. कागदावर ते एका कंपनीनं दुसरी कंपनी घेणं असतं. पण मधली वर्षं घरातल्या लेकरानं कशी काढायची? पहिलीतलं पोरगं काही, कारखाना सुरू होईपर्यंत पहिलीतच थांबत नाही.

आणि कारखाना चालू असला म्हणजे सगळ्यांचं काम चालू असतं असंही नाही. ठेकेदार बदलतो, त्याची माणसं बदलतात. संध्याकाळी सांगतात, उद्यापासून येऊ नको, गेटपास जमा कर. झालं. दहा वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते.

असा एक बाप डोळ्यांपुढे आणा. नाव नको, गाव नको. मंडपात कोणी मान खाली घालू नये. गेटपास जमा केला आणि घरी आला. बायको म्हणाली, "आज लवकर आले काहून?" हा म्हणाला, "पाळी बदलली." दुसऱ्या दिवशी डबा घेतला, सायकल काढली आणि निघाला. कारखान्याचा रस्ता सोडून अंमलनाला धरणाच्या बाजूला जाऊन बसला. दुपारी डबा खाल्ला. पाळी सुटायच्या वेळेला घरी. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस तेच. बायकोला कळलं नाही, शेजारच्याला कळलं नाही.

कळलं कोणाला? सात वर्षांच्या पोरीला. बाप रोज घरी आला की सदरा काढून दाराबाहेर झटकायचा, राखाडी भुकटी उडायची. माय ओरडायची, घरात धूळ आणू नका म्हणून. पोरीला तो खेळच होता. आता सदरा झटकला तरी काहीच उडत नाही. पोरगी विचारते, "बाबा, धूळ कुठं गेली?"

सांगा आता काय उत्तर देणार?

ज्या धुळीला मायनं इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती धूळ म्हणजे घरातलं पीठ होतं. लेकराला ते बरोबर दिसलं. आपण म्हणतो, लहान आहे, त्याला काय कळते! अरे, सगळं कळतं. फक्त अर्थ लावता येत नाही, म्हणून ते आपल्या मनानं लावतं. आई-बाप रात्री हळू आवाजात बोलतात, सकाळी भाजीवरून भांडतात. पोराला वाटतं, आपण वही हरवली म्हणून हे चाललं आहे. आपलंच काही चुकलं. मग ते गप्प बसतं. दुकानापुढून जाताना हट्ट करत नाही. शाळेत सहलीचे पैसे मागितले तर घरी सांगतच नाही. आणि आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, आमचं पोट्टं मोठं समजूतदार झालं. समजूतदार नाही झालं, माय! घाबरलं आहे.

देबूची गोष्ट आठवा. शेंडगावचा देबू, आपल्या विदर्भाचं लेकरू, 1876 चा जन्म, पुढे सारा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणाला. बाप दारूपायी गेला तेव्हा पोर किती लहान! माय त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथं मामाच्या घरी राबला, आणि मामाची जमीन सावकाराच्या वहीत कशी जाते, तेही उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे आयुष्यभर कीर्तनात बाबा काय विचारत राहिले? दारू पिता का? कर्ज काढता का? पोराला शाळेत घालता का? हे तीन प्रश्न त्यांनी पोथीतून आणले नव्हते. लहानपणी घरात पाहिलेलं ते बोलत होते.

म्हणून या तीन प्रश्नांवरून हात फिरवून जाऊ. दारूचं फार बोलत नाही. या जिल्ह्यात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. बंदीतही पिणारा पीत होता आणि न पिणारा आजही पीत नाही. एवढंच सांगतो, काम सुटलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात पाजणारे फार भेटतात, जेवू घालणारे कमी. कर्जाचं मात्र ऐका. पगार थांबला की आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज दारात चालून येतं, तेही बायकोच्या नावावर. आधी फ्रिजचा हप्ता भरायला काढलं, मग त्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरं. कुकर विकावा लागला तर विका. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोणाचा जीव अडकत नाही. शाळा मात्र सोडवू नका. इंग्रजी शाळेची फी झेपत नसेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. त्यात कमीपणा कसला? तिथून शिकलेलेच आपल्यात जास्त आहेत.

पण हे सगळं पुढचं. आधी घरात सांगायचं.

लोक मला म्हणतात, महाराज, बायकोला सांगितलं तर ती भांडते. भांडू दे! आणि इथं मला जिजाईबद्दल बोलायचं आहे. आमच्या कीर्तनकार मंडळींनी त्या माउलीवर फार अन्याय केला. कजाग, तोंडाळ, आवली. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, कीर्तन रंगतं. मला ते पटत नाही. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, भरल्या घरातून आली. पदरात महादेव, विठोबा, काशी, भागीरथी, गंगा. धान्याचं मडकं रिकामं. मालकांनी धाकट्या भावाच्या वाट्याची खतं त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळात नाडलेल्या लोकांना पुन्हा नाडायचं नाही, हा मोठा विचार होता, यात शंका नाही. पण संध्याकाळी चुलीपुढे लेकरं बसली, त्यांना काय वाढायचं हे कोण पाहणार? महिपतीबाबा सांगतात की तिनं आपल्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला भांडवल दिलं, मिठाचा व्यापार करा म्हणून. नफा झाला, आणि वाटेत एक नाडलेला माणूस भेटला त्याला देऊन महाराज मोकळ्या हातानं घरी आले. आता ती बोलली, तर काय चुकीचं बोलली?

बोलली, विठ्ठलालाही बोलली. आणि बोलून काय केलं? भाकरी बांधली आणि भंडाऱ्याचा डोंगर चढली. रोज. उन्हात. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही म्हणून. एकदा पायात काटा मोडला, आणि आपली परंपरा सांगते की तो काढायला पांडुरंग स्वतः आला. कोणाच्या पायातला काढला? जी त्याला शिव्या देत होती तिच्या. देवाला राग आला नाही, कीर्तनकारांनाच आला!

तेव्हा बायको भांडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी तीच डब्यात तुमच्या आधीचे साठवलेले पाचशे रुपये काढून ठेवील. तिला सांगितलंच नाही, तर ती भाकरी कोणासाठी बांधणार?

आणि लेकरांना? त्यांना त्यांच्या मापानं सांगा. व्याज, ठेकेदार, कोणी घात केला, हे त्यांच्यापुढे नको. जवळ बसवा आणि सांगा, बाबाचं काम सुटलं. दुसरं शोधतो आहे. भाकर मिळेल. शाळा सुटणार नाही. यंदा नवा ड्रेस नाही. तुझी काही चूक नाही. एवढं बस. आणि बाप घरी आहेच, तर त्याला घरी राहू द्या. पोरांना शाळेत सोडू दे, पोरीची वेणी घालू दे. वाकडी घालील, हसतील पोरी. हसू दे, पुष्कळ दिवसांनी घरात कोणी हसेल.

मिळेल ते काम करायलाही लाज आडवी येते. काल सुपरवायझर होतो, आज दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचू काय? 1972 चा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसं असतील इथं. त्या साली खाऊनपिऊन सुखी घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसल्या. सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. त्याच घरातली पोरं पुढे मास्तर झाली, तहसीलदार झाली. त्या खडीबद्दल आज ती अभिमानानं सांगतात. त्या दिवशी मात्र पदर तोंडावर होता. लाज वाटणारच. तुकोबांनाही वाटली. त्यांनी ती लपवली नाही, एवढाच फरक, आणि तो फार मोठा फरक आहे. लपवली असती तर आज आपल्याला हा अभंग नसता.

शेवटचं सांगतो आणि सेवेला पूर्णविराम देतो. महाराज वैकुंठाला गेले तेव्हा जिजाईच्या पोटात लेकरू होतं. नारायण. त्यानं बापाचं तोंड पाहिलं नाही. त्याला वाढवलं कोणी? त्याच तोंडाळ म्हटलेल्या बाईनं, त्याच दिवाळं निघालेल्या घरात. आणि 1685 साली त्याच नारायणबाबांनी पालखीत पादुका ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली. तुम्ही आषाढीला ज्या पालखीमागे चालता ना, ती त्या घरातून निघाली आहे.

आता आरती होईल. आरतीनंतर प्रसादाच्या पंगतीच्या डाव्या हाताला आपले दोन निवृत्त कामगार बसणार आहेत. फंडाचे कागद कसे भरायचे, ठेकेदाराकडून हिशोब कसा मागायचा, त्यांना माहीत आहे. फंडाचा पैसा तुमचा आहे, कोणाची मेहेरबानी नाही. जोडीनं जा, घरच्या बाईला बरोबर न्या. नाव कोणी विचारणार नाही. पोरं झोपली असतील तर इथंच सतरंजीवर असू द्या, माय-बहिणी पाहतील.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!