घरातील कार्यशाळा : हातांचे शिक्षण, कुटुंबाचा सहभाग



आजच्या घराचा नकाशा काढायला बसलो की दिवाणखाना, स्वयंपाकघर, शयनगृह, देवघर अशी नावे ओघाने येतात. बंगला असेल तर मोटारीसाठी गॅरेजही येते. पण ‘काम करण्याची खोली’ असा उल्लेख त्यात सहसा नसतो. वस्तुतः आपल्याकडे फार जुन्या काळापासून घर आणि कार्यशाळा या दोन वेगळ्या वास्तू नव्हत्याच. कुंभाराचे चाक त्याच्या अंगणात फिरे, लोहाराचा भाता घराला लागूनच असे. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरांत हातमाग घराच्या मधोमध असतो. एक जण मागावर बसतो, दुसरा कांड्या भरतो, आजोबा नक्षीचा हिशेब सांगतात. विणकर एक दिसत असला तरी पैठणी सबंध घराची असते.

ही कौशल्ये पुढे जातींच्या कुंपणात अडकली आणि हाताने काम करणाऱ्याला समाजाने खालच्या पायरीवर बसवले, हा आपला मोठा दोष. त्याचे प्रायश्चित्त भाषणांनी होणार नाही. सुशिक्षित घरातील मुलगा किंवा मुलगी हातात कानस घेईल, करवत धरेल, तेव्हाच ते होईल. म्हणूनच गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या खोलीत किंवा बाल्कनीच्या एका कोपऱ्यात उभी राहणारी घरगुती कार्यशाळा हा केवळ छंदाचा विषय राहत नाही. तो संस्काराचा विषय होतो.

स्वयंपाकघरातले इंजिन

अमेरिकेतील डेट्रॉईट शहर, १८९३ सालची नाताळची पूर्वसंध्या. हेन्री फोर्ड तेव्हा एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत अभियंता होते. घरी अवघ्या सात आठवड्यांचा मुलगा. पत्नी क्लारा सणाच्या स्वयंपाकात गुंतलेली. अशा वेळी फोर्ड आपले पहिले छोटे पेट्रोल इंजिन घेऊन स्वयंपाकघरात आले. गॅसच्या नळाच्या तुकड्याचा सिलिंडर, जुन्या लेथचे चाक हेच त्याचे गतिचक्र. इंजिन त्यांनी सिंकला पक्के आवळले, ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज घेतली आणि क्लाराला पेट्रोल थेंबथेंब सोडायला सांगितले. फोर्डनी चाक फिरवले, सिंक थरथरले आणि इंजिन चालू झाले.

पुढील अडीच वर्षे घरामागच्या विटांच्या शेडमध्ये काम चालले. घर भाड्याचे होते. शेडचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या वाट्याचा. त्या वृद्ध शेजाऱ्याने तोही मोकळा करून दिला. पगारातला पैसा सुट्या भागांवर जाई, संध्याकाळ आणि रात्र शेडमध्ये सरे. क्लाराने घरखर्चाची ओढाताण सोसली, पण पतीवरचा विश्वास सोडला नाही. फोर्ड तिला ‘विश्वास ठेवणारी’ याच अर्थाच्या नावाने हाक मारत.

४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली. सायकलची चार चाके, दोन सिलिंडरचे इंजिन, दोन गती. मागे जाण्याची सोयच नाही. आणि तेव्हा लक्षात आले की शेडचे दार गाडीपेक्षा अरुंद आहे! फोर्डनी कुऱ्हाड घेतली, भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली. या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ होते. तथापि घरात कार्यशाळा उभारणाऱ्याने त्यातून पहिला धडा साधाच घ्यावा: काम सुरू करण्यापूर्वी दाराची रुंदी मोजावी. दुसरा धडा असा की, इंजिन चालू झाले त्या रात्री पेट्रोलची कुपी धरणारा हात गृहिणीचा होता.

दादरच्या घरातला अंधार

असेच एक घर आपल्या मुंबईत, दादरला होते. १९११ साली दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१२ साली लंडनला जाऊन ते कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. हाताशी स्टुडिओ नव्हता. घर हाच स्टुडिओ, घरातील अंधारी खोली हीच प्रयोगशाळा. एका रोपट्याची वाढ दिवसामागून दिवस टिपून त्यांनी छोटी फिल्म केली आणि भांडवल देणाऱ्यांना ती दाखवली. कुंडीतल्या अंकुराने चित्रपटाचा धंदा उभा राहू शकतो, हे त्या घराने सिद्ध केले.

या कामात सरस्वतीबाईंचा वाटा किती, हे आकड्यांत पाहू. त्या काळी कोरी फिल्म कडांना छिद्रे न पाडलेली येई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात एका कडेला ६४, दोन्ही कडांना मिळून १२८ छिद्रे लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे एका प्रतीसाठीच चार लाखांहून अधिक छिद्रे! प्रकाशाचा एक किरणही आत येऊन चालत नाही, म्हणून हे काम अंधारात, हाताच्या अंदाजाने करायचे. सरस्वतीबाई ते करत. फिल्म धुण्याची रसायने त्या तयार करत, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी उन्हात धरून उभ्या राहत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने कामी आले. मुलगा भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. पुढे १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनीने बाळकृष्णाची भूमिका केली.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या नावाचा रस्ता आज दादरमध्ये आहे, त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. हा गौरव यथार्थच आहे. पण त्या अंधाऱ्या खोलीत रात्री जागवणाऱ्या माउलीचे नाव किती घरांत ठाऊक आहे? कुटुंबाची मदत गृहीत धरण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. घरातील कार्यशाळेचा विचार करताना हे मनाशी पक्के असले पाहिजे.

गॅरेजची दुसरी बाजू

तिसरे उदाहरण सर्वांना ऐकून ठाऊक असते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९३८ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी भाड्याच्या घरामागच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले. गॅरेज अवघे १२ फूट बाय १८ फूट. भांडवल ५३८ डॉलर आणि एक जुने ड्रिल यंत्र. पॅकार्ड यांची पत्नी ल्यूसिल नोकरी करून घर चालवी, पत्रे टाइप करी, हिशेब ठेवी. उपकरणांच्या पट्ट्यांवरचा रंग पक्का करण्यासाठी त्या तिच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजल्या जात. त्यांनी बनवलेले ध्वनिमापनाचे आठ ऑसिलेटर वॉल्ट डिस्ने कंपनीने घेतले आणि पुढे त्या गॅरेजला ‘सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान’ म्हणून ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

अशा कथांचा एक धोका असतो. प्रत्येक गॅरेजमधून उद्योगसमूह निघेल, अशी आशा त्या लावतात. तसे होत नाही. खुद्द फाळक्यांच्या उत्तरायुष्यात आर्थिक विपन्नताच आली. १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले. तेव्हा कार्यशाळेचे मोजमाप पैशांत करू नये. तुटलेली खुर्ची दुरुस्त झाली, आजीच्या चौरंगाला नवा पाय बसला, मुलीने स्वतःच्या सायकलचे पंक्चर काढले, एवढ्याने तिचे सार्थक होते. यापुढे जे मिळेल ते प्रसादासारखे मानावे.

प्रारंभ कसा करावा?

प्रारंभ यंत्रांच्या खरेदीपासून करू नये. आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून जागा, वेळ आणि खर्च ठरवावा. मोटार कुठे उभी राहणार, रात्री किती वाजेपर्यंत ठोकाठोक चालेल, महिन्याला किती पैसे लागतील, हे आधी बोलले गेले की पुढचे निम्मे वाद मिटतात. सोसायटीचे वाहनतळ सर्वांचे असते; तेथे कार्यशाळा थाटणे उचित नाही. सदनिकेत राहणाऱ्यांना घडीचे टेबल आणि एक पेटी पुरते.

जागा ठरली की पहिली वस्तू बनवावी ती कामाचे टेबल. ते विकत आणू नये. घरच्यांनी मिळून करावे, कारण तोच पहिला पाठ आहे. सरळ उभे राहून हात खाली सोडले की मनगट जिथे येते, साधारण तेवढी टेबलाची उंची रंधा मारण्यास सोयीची असते. बारीक कामाला ते थोडे उंच लागते. त्यावरचा शेगडा असा बसवावा की त्याचा जबडा कोपराच्या पातळीला येईल. हातोडा, पक्कड, पाने, पेचकस, करवत, कानस, पटाशी, गुण्या आणि मोजपट्टी एवढ्या हत्यारांवर वर्षभराचे काम निघते. बाकीची गरज पडेल तशी घ्यावीत.

भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा तीवर रंगवावी. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृतीच ते सांगते. लहान मुलांना हे काम फार आवडते आणि जिथली वस्तू तिथे ठेवण्याचे वळण उपदेशाशिवाय लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लोखंड लगेच गंजते. तेव्हा काम संपल्यावर तेलाचा बोळा फिरवणे हा नित्यक्रम असावा. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. त्यांना धार लावणे, तेल देणे आणि जागेवर ठेवणे ही त्याच पूजेची वर्षभर चालणारी बाजू आहे.

सुरक्षेला तडजोड नाही

उत्साहाच्या भरात सुरक्षा मागे पडते. विजेचे काम जाणकार, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. अर्थिंग पक्के असावे आणि ३० मिलिअँपियरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला असावा. बंद दारामागे मोटारीचे इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. पेट्रोल आणि थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. तेथे ठिणगी पडता कामा नये. फोर्डनी स्वयंपाकघरात केले ते आज कोणी करू नये आणि रंगवलेली वस्तू खाण्याच्या भट्टीत भाजू नये. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

ड्रिलसमोर ओढणी, सैल बाही, बांगड्या नकोत. फिरत्या ड्रिलवर हातमोजेही नकोत, कारण ते गुंडाळले जातात. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच. बोथट हत्यार मुलांना अधिक सुरक्षित, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोरात निसटलेला हातच जखमी होतो. मुलांच्या हाती धारदार हत्यार द्यावे आणि आपण शेजारी उभे राहावे.

हात रिकामे राहू नयेत

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी कल्पना मांडली आहे. ती स्तुत्य आहे. पण दहा दिवसांत सुताराचा मुलगा सुतार होत नाही, तसा डॉक्टरचा मुलगाही होणार नाही. उरलेले दिवस घराने द्यायचे आहेत. रविवारी दोन तास आजोबा, आई, वडील आणि मुले एका टेबलाभोवती उभी राहिली, तर काय घडते ते पाहावे. निवृत्त आजोबांच्या अनुभवाला गिऱ्हाईक मिळते. आईला केवळ चहा आणून देण्याची भूमिका उरत नाही. तिच्या हातीही सोल्डरिंगची इस्त्री येते. लाकूड खोटे बोलत नाही. माप चुकले की सांधा बसत नाही, आणि बापाचेही माप चुकते हे मुलाला दिसते. चूक मान्य करून पुन्हा मोजणारा बाप हा मुलासाठी कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा धडा असतो.

आणि काम पूर्ण झाले की वस्तूच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ज्या ज्या हातांनी ती घडवली त्या सर्वांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. तारीखही लिहावी. पन्नास वर्षांनी एखादा नातू तो चौरंग उलटा करील, तेव्हा त्याला आजोबांच्या नावाशेजारी आजीचे नावही वाचायला मिळेल. दादरच्या त्या अंधाऱ्या खोलीचे थोडेसे ऋण तरी त्यातून फिटेल.