वर्गातला मोबाईल

फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मुलांना मोबाईल वापरायला बंदी घातली. मला ती पटते. दप्तरातला फोन नुसता थरथरला तरी लक्ष उडतं, गणिताची एक पायरी निसटते आणि पुढचं सगळंच अडतं. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं काय? तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर फोन धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ सुरू होतो. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दोन्ही साधायचं, तर मुलांचे स्वतःचे फोन वर्गाबाहेरच राहावेत. टॅब शाळेने द्यावेत, धड्यापुरते. घरी फोन नसलेल्या मुलीला शेजारणीच्या फोनमध्ये डोकावावं लागू नये.