रोखीविना व्यवहार आणि गावाची वही
(अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आपण मला ‘रोकडविरहित समाज’ हा विषय दिला आहे. आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला दिसतो, ग्राहक मोबाईल त्याच्यासमोर धरतो आणि पैसे पोहोचल्याची वर्दी एक लहानशी पेटी मोठ्याने देते. हे दृश्य दहा वर्षांपूर्वी कोणी वर्णिले असते तर त्यावर विश्वास बसला नसता. म्हणून हा विषय अगदी नवा आहे अशी आपली समजूत होते. परंतु नगर जिल्ह्याचा इतिहास पाहता ती तितकीशी बरोबर नाही. रोखीविना व्यवहार येथे पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. त्या व्यवहाराची नोंद कोणाच्या हाती होती, हा खरा प्रश्न आहे आणि त्याच अंगाने आज चार गोष्टी आपणापुढे मांडाव्यात असे मी योजिले आहे.

मापट्यापासून खतापर्यंत

बलुतेपद्धतीत सुताराने नांगर भरावा, चांभाराने मोट शिवावी आणि खळ्यावर रास झाली की प्रत्येकाने आपला धान्याचा वाटा न्यावा, अशी रीत होती. या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात केले आहे. या व्यवहारात नाणे क्वचितच हाताळले जाई. तथापि त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मापटे शेताच्या धन्याच्या हाती असे आणि जातीने ठरवून दिलेले काम नाकारण्याची बलुतेदाराला सोय नसे.

इंग्रजी अमदानीत रयतवारीचा सारा रोख रकमेत भरावा लागू लागला. पीक हाती येण्याआधी हप्त्याची तारीख येई, तेव्हा रोकड सावकाराकडून घ्यावी लागे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव पुढे उतरला आणि कर्जे मात्र राहिली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व त्याचे लोण आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. कागद हाती आले की त्यांची होळी होई.

कागदांवरच राग का, याचा विचार आपण केला पाहिजे. शेतकऱ्याने परत केलेले धान्य जमेस धरले की नाही, व्याज मुद्दलात कधी मिसळले, हे त्याला वाचता येत नव्हते. ज्या कागदावर त्याचे शेत अवलंबून होते, त्याची प्रत त्याच्या घरी नव्हती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने शेतकऱ्यांची खते गावच्या निबंधकासमोर होऊ लागली. भरलेल्या रकमेची पावती, दरसालचा हिशेब आणि मागितल्यास आपल्या नोंदींचे पुस्तक मिळण्याचा हक्कही ऋणकोला मिळाला. सर्व दुखण्यावर हा कायदा पुरा पडला असे नव्हे. परंतु ‘माझ्या हिशेबाची प्रत माझ्याजवळ असली पाहिजे’ हे तत्त्व या मातीतील संघर्षातून कायद्यात आले, ही गोष्ट आपण विसरू नये.

सहकाराने लावलेली सवय

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. डॉ. धनंजयराव गाडगीळ हे त्या समितीचे एक सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असल्याचे या पाहणीत आढळले. याच सुमारास लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून ऊस गाळू लागला होता.

कारखान्यांबरोबर जिल्ह्यात एक नवी सवय आली. उसाचे वजन काट्यावर व्हायचे, पावती हाती पडायची, सोसायटीचे पीककर्ज वळते व्हायचे आणि उरलेली रक्कम बँकेच्या खात्यात जमा व्हायची. दुधाच्या संस्थांनीही हीच वाट धरली. मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी बागायतदार शेतकऱ्याचे मोठे व्यवहार असे रोखीविना होत होते. त्यामागे लेखापरीक्षण होते, आणि वार्षिक सभेत उठून ‘ही कपात कशाची?’ असे विचारण्याचा सभासदाला हक्क होता. जेथे सभासदांनी तो बजावला तेथे विश्वास टिकला, आणि जेथे ते गप्प राहिले तेथे काय झाले हेही आपणांस ठाऊक आहे.

नोटाबंदी आणि त्यानंतर

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्याचे जाहीर झाले. चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याचे खाते प्रामुख्याने जिल्हा बँकेत, तेथे रब्बीच्या पेरणीच्या ऐन दिवसांत याचा अर्थ काय झाला, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. त्या चार-पाच दिवसांत बँकांकडे जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा २०१७ च्या जूनमध्ये मिळाली.

त्याच वर्षी, म्हणजे २०१६ च्या एप्रिलमध्ये, राष्ट्रीय देयक महामंडळाने ‘यूपीआय’ ही प्रणाली सुरू केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावरील व्यवहारांनी एका महिन्यात एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. एवढ्या प्रचंड प्रमाणावर सामान्य माणसाने अशी प्रणाली आपलीशी केल्याचे उदाहरण जगात विरळा आहे.

परंतु यावरून नोटा संपत चालल्या असे अनुमान काढू नये. नोटाबंदीपूर्वी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन होते, ते मार्च २०२४ मध्ये सुमारे ३५ लाख कोटी झाले. अर्थव्यवस्था वाढली हे याचे एक कारण खरे. दुसरे असे की, रोजच्या खरेदीतून नोट मागे हटली तरी अडीअडचणीची पुंजी म्हणून माणूस ती घरात राखून ठेवतो. चहाचे पैसे मोबाईलवरून देणारा गृहस्थही दवाखान्यासाठी चार नोटा डब्यात ठेवतोच.

कोण मागे राहते?

अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडीच्या बाजूला डोंगराच्या एका कुशीत मोबाईलला संदेशवहन मिळते आणि दुसऱ्या कुशीत मिळत नाही. निराधार वृद्धेचे अनुदान खात्यात जमा होते, पण ते काढण्यासाठी तिला बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. कष्टाने झिजलेल्या बोटाची रेघ यंत्राला उमटत नाही, मग पुन्हा अंगठा, पुन्हा प्रतीक्षा. किती रक्कम निघाली हे तिने बँक मित्राच्या तोंडूनच ऐकायचे. आधार क्रमांकाचे वाटप २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सुरू झाले. तो क्रमांक आपणा सर्वांकडे आहे, पण तो कोणत्या खात्याला जोडला आहे हे अनेकांना सांगता येत नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेची रक्कम नेमक्या कोणत्या बँकेत आली, हे शोधीत किती भगिनी फिरल्या हे आपण पाहिले आहे.

दुसरे उदाहरण ऊसतोडणी मजुरांचे. पाथर्डी, जामखेड भागातील कुटुंबे हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. पुढचे महिने पतिपत्नीचा एक कोयता जितका ऊस तोडील, त्यातून ती उचल फिटायची. किती टन झाले आणि किती फिटली, याची नोंद मुकादमाच्या वहीत असते. हंगाम सरला तरी उचल शिल्लक निघाली, तर त्यावर वाद घालण्यास मजुराजवळ कागद नसतो. कारखान्याचा काटा संगणकावर गेला, वाहतुकीचे बिल खात्यात जमा होऊ लागले. कोयत्याचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी १८७५ सालच्या शेतकऱ्याच्या हिशेबासारखाच दुसऱ्याच्या हाती राहिला आहे.

रोख नोटेचा एक गुण येथे ध्यानात घ्यावा. ती मोजता येते, आणि ती हाती असेतो दुसऱ्याच्या नोंदीवर विसंबावे लागत नाही. स्वीडन हा देश रोखीचा वापर कमी करण्यात जगाच्या पुढे गेला. त्याच देशाच्या संसदेला मोठ्या बँकांनी रोखीची सेवा चालू ठेवावी असा कायदा २०१९ साली करावा लागला, आणि २०२४ साली तेथील सरकारने घरोघर पाठविलेल्या पुस्तिकेत संकटकाळासाठी काही रोकड जवळ ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे गेलेल्यांचा हा अनुभव आपल्या उपयोगी पडावा.

आपण काय करावे?

नव्या पद्धतीला विरोध करावा असे माझे म्हणणे नाही. घरबसल्या पैसे मिळतात, हेलपाटा वाचतो, मधल्या हाताची गळती थांबते, हे लाभ खरे आहेत. ते सर्वांपर्यंत पोहोचावेत यासाठी काही सूचना करतो.

ग्रामपंचायतीने घरपट्टी, पाणीपट्टी मोबाईलवरून अवश्य घ्यावी, पण रोख भरणाऱ्यास परत पाठवू नये. नोट हे कायदेशीर चलन आहे. दोहोंची पावती मात्र छापील आणि तत्काळ द्यावी. बँक मित्राने दर व्यवहाराची पावती द्यावी, असा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि महिन्यातून एक दिवस पासबुके भरून घेण्याची सोय बँकेकडे मागावी.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या गणितात घरच्या पासबुकाची पाने वाचावयास द्यावीत. जमा, नावे, व्याज, कपात हे शब्द मुलाला कळले की तो आजीचे पुस्तक वाचून दाखवील. ‘पैसे घेण्यासाठी गुप्त अंक टाकावा लागत नाही’ हे एक वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर व बँकेत कळवावे. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर तोशीस ग्राहकावर पडू नये असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच ठरवून दिले आहे. ठेव ठेवताना हेही सांगावे की, बँकेतील ठेवींना २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवींना ते नाही.

अधिकाऱ्यांनी, विशेषतः सहकार व कामगार खात्यांनी, कोयत्याच्या हिशेबाची दुसरी प्रत मजुराच्या हाती देण्याचा विचार करावा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कर्जदार शेतकऱ्याला दिलेला हक्क आज ऊसतोडणी मजुराला नाकारण्याचे कारण दिसत नाही.

हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो. किती पाऊस पडला, किती मुरला, कोणते पीक घेता येईल, हे सर्वांच्या देखत ठरते. पाण्यासारख्या न दिसणाऱ्या साठ्याचा हिशेब आपल्याच जिल्ह्यातील एक गाव उघड्यावर मांडू शकते, तर पैशाचा हिशेब मांडणे आपणांस जड जाऊ नये. ग्रामसभेच्या पुढील बैठकीत हा एक विषय घ्यावा, एवढी विनंती करतो.