मांजराला फिरायला नेताना

आळंदीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. खुशाल हसा, पण शेवटपर्यंत ऐका. आज आपण बोलणार आहोत पाळलेल्या मांजराला दोरी लावून बाहेर फिरवण्याबद्दल.

आपल्या आया-आज्यांच्या वेळी मांजराला कुणी फिरवत नव्हतं. घरात कणगी, कणगीत धान्य, धान्याला उंदीर आणि उंदरांमागे मांजर. ते माळ्यावर निजायचं, कौलांवरून हिंडायचं, बांधावर शिकार करायचं आणि दुधाच्या वेळेला बरोबर चुलीपाशी येऊन बसायचं. आपल्या हातून त्याला मरण आलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. म्हणून त्याच्या अंगावर कुणी काठी टाकत नसे. बाकी ते आपल्या मर्जीचं धनी.

आता आळंदीच्या आजूबाजूला बघा. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण. कंपन्या आल्या तशा चाळी आल्या, तीन-तीन मजल्यांच्या इमारती आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या. मरकळ रस्ता घ्या की चाकण रस्ता घ्या, कंटेनर, डंपर आणि कामगारांच्या बसगाड्या रात्रीसुद्धा थांबत नाहीत. मांजर मात्र तेच राहिलं. त्याला अजूनही माती उकरायची असते, झाडाला नखं घासायची असतात, पाखरांकडे टक लावून बसायचं असतं. दार उघडलं की ते बाहेर सटकतं आणि दाराबाहेर चार पावलांवर रस्ता.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या खोलीपुढे असाच रस्ता आहे. दोन पावसाळ्यांत त्यांची दोन मांजरं गाडीखाली गेली. दुसरं गेलं तेव्हा त्यांचा सात वर्षांचा मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसरं पिल्लू आलं तेव्हा त्यांनी ठरवलं, याला बाहेर सोडायचं नाही. मग दुसराच त्रास सुरू झाला. पिल्लू मोठं झालं तसं रात्रभर दाराशी ओरडायचं, गादी फाडायचं, कुणी आलं-गेलं की पायांतून निसटायला बघायचं. शेजारणी कंटाळल्या. सोडलं तर मरतंय, कोंडलं तर कावतंय, अशा पेचात त्या सापडल्या. पुढे त्यांनी दोरीची वाट धरली आणि त्यांचं बघून आमच्यातल्या आणखी दोघी-तिघींनी.

पहिला प्रश्न हमखास येतो, मांजर काय कुत्रं आहे दोरीनं फिरवायला? मैत्रिणींनो, हे खूळ आजचं नाही. ईजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत भिंतींवर चित्रं काढलेली आहेत. त्यांत घरधनीण खुर्चीवर बसलेली आणि खुर्चीच्या पायाला दोरीनं बांधलेलं मांजर खाली, असं दिसतं. आणि अलीकडचं ऐका. जर्मनीत वाल्डॉर्फ नावाचं एक गाव आहे. तिथे चंडोल पक्षी उरले अगदी थोडे, आणि ते घरटं करतात जमिनीवर. म्हणून २०२२ साली उन्हाळ्यात, पिलांच्या दिवसांत, मांजरं घरातच ठेवायचा हुकूम निघाला. बाहेर न्यायचं तर दोरीनं, आणि ती दोरी दोन मीटरच्या आत. आपल्या माळावरची टिटवीसुद्धा उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तेव्हा दोरीमुळे मांजर वाचतं आणि पाखराचं पिल्लूही वाचतं.

दुसरा प्रश्न, बांधून ठेवणं हे पाप नाही का? इथे नीट लक्ष द्या. गाईचं दावं खुंट्याला असतं. मांजराची दोरी आपल्या हातात असते. हा फरक फार मोठा आहे. मांजराला खांबाला, खिडकीच्या गजाला किंवा झाडाला बांधून कामाला निघून जायचं नाही. ते उडी मारतं, कठड्यापलीकडे लोंबकळतं आणि फास बसतो. कुत्रं आलं तर पळता येत नाही. १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला आखूड किंवा जड साखळीनं उगाच तासन्‌तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आपण फिरवायचं म्हणतोय, बांधायचं नाही.

आता सामान. गळ्यात पट्टा घालून त्याला दोरी लावायची नाही. मांजर घाबरलं की मागे सरतं आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतं, नाहीतर गळा आवळला जातो. त्याला छातीवरून आणि पोटावरून येणारा पट्टा लागतो. दुकानात त्याला हार्नेस म्हणतात. मांजराचा वेगळा मिळतो, कुत्र्याच्या पिल्लाचा सैल बसतो. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आपली दोन बोटं जातील इतपत जागा ठेवायची, जास्त नाही.

आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी तो घरीच शिवला. जुन्या जाड चादरीचं कापड दुहेरी घेतलं. एक पट्टा मानेभोवती, एक पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती. हे दोन्ही पट्टे पाठीवर एका पट्टीनं जोडले आणि खाली छातीवर दुसऱ्या पट्टीनं. कडी पाठीवर बसवली, मानेपाशी नाही. नुसता चिकटपट्टा लावला तर झटक्यात सुटतो, म्हणून बकल लावलं. शिवून झाल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढून बघितलं आणि मगच मांजराला घातलं. दोरी हलकी, साधारण दोन हात लांब. गटाला जोडधंदा म्हणूनही हे काम वाईट नाही, आपल्या आसपास मांजरं पाळणारी घरं कमी नाहीत.

आता सवय लावणं. इथे घाई केली की सगळं बिघडतं. पहिले दोन-तीन दिवस पट्टा नुसता त्याच्या खाण्याच्या ताटलीशेजारी ठेवा, त्याला वास घेऊ द्या. मग अंगावर घाला, लगेच आवडीचा घास द्या आणि दोन-तीन मिनिटांत काढा. पहिल्या वेळेला मांजर आडवं पडतं, लाकडासारखं ताठ होतं किंवा मागे मागे सरकतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं की काय! घाबरू नका, अंगावर काहीतरी आलंय एवढंच त्याला कळतं. ओढू नका, रागावू नका. रोज थोडा थोडा वेळ वाढवा. पट्टा घालून ते खायला-खेळायला लागलं की दोरी जोडा आणि घरातल्या घरात फिरवा. याला दोन आठवडे लागतील, एखाद्याला दोन महिनेही लागतील.

बाहेर नेताना उंबऱ्यातून त्याला चालत सोडू नका, उचलून न्या. एकदा का आपल्या पायांनी दार ओलांडायची सवय लागली की दोरी नसतानाही ते दारातून पळेल. आणि बाहेर गेल्यावर पुढे मांजर, मागे आपण. कुत्र्यासारखं ते आपल्यामागे येणार नाही. दहा मिनिटं एकाच जागी बसून वास घेईल, मग चार पावलं जाईल, परत बसेल. आपणही बसायचं.

कुठे न्यायचं? सगळ्यांत उत्तम आपली गच्ची किंवा मागचं अंगण. गच्चीवर कठड्यापासून लांब. रस्त्यावर नको, बाजारात नको. इंद्रायणीच्या काठीही नको. नदीवर पांढरा फेस आलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. मांजर पाय चाटून साफ करतं, म्हणजे पायाला लागलं ते पोटात गेलं. कुठूनही आलात तरी ओल्या फडक्यानं पाय पुसून घ्या. शेताकडे राहत असाल तर उसाच्या कडेला आणि दिवेलागणीला नेऊ नका. खेड-जुन्नरकडच्या उसात बिबटे असतात हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. उंदरांचं औषध टाकलेल्या जागाही टाळा. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जातं.

वेळ सकाळची बरी, उन्हं चढायच्या आत. उन्हाळ्यात गच्चीच्या फरशीवर आपला तळहात ठेवून बघा, हाताला चटका बसला तर त्याच्या पायालाही बसणार. आणि आपल्या गावाचं एक वेगळं गणित आहे. ज्येष्ठात माउलींची पालखी निघते तेव्हा आणि कार्तिकी यात्रेला गावात पाय ठेवायला जागा नसते. टाळ-मृदंग, स्पीकर, हजारो पावलं. आपल्याला तो आनंद, पण मांजराचा जीव घाबराघुबरा होतो. ते दिवस आणि दिवाळीतले फटाक्यांचे दिवस त्याला घरातच, एखाद्या शांत कोपऱ्यात ठेवा.

बरोबर एक कापडी पिशवी किंवा जाड टॉवेल असू द्या. कुत्रं आलं, गाडीचा भोंगा वाजला, तर मांजर आपल्याच अंगावर चढतं आणि नखं रोवतं. उघड्या हातानं धरायला जाऊ नका. टॉवेल टाका, गुंडाळा, उचला आणि घरी.

बाहेर न्यायच्या आधी लस. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासूनच होतो असं पुष्कळजणी समजतात. मांजराच्या चाव्यातूनही तो होतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस बहुतेक वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शनं पुरी करा. घरचंच मांजर आहे, काही होत नाही, असं म्हणून थांबू नका.

ही दोरी प्रत्येक मांजरासाठी नाही, हेही सांगायला हवं. वस्ती रस्त्यापासून लांब असेल, घरात धान्य असेल आणि मांजर लहानपणापासून शिवारात हिंडत असेल, तर त्याला पट्टा घालण्याची गरज नाही. त्याची लस आणि नसबंदी केली तरी मोठं काम झालं. मांजरी सहाव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. मग ती पिल्लं पोत्यात घालून कुठेतरी नेऊन सोडायची वेळ येते. ती वेळ येऊच नये. काही मांजरं इतकी भित्री असतात की महिनाभर प्रयत्न करूनही बाहेर थरथरतात. त्यांना ओढू नका. खिडकीला जाळी लावा, बसायला फळी द्या, नखं घासायला गोणपाट गुंडाळलेलं लाकूड द्या. त्यांना तेवढं पुरतं.

आता राहिली लोकांची तोंडं. गच्चीवर दोरी धरून बसलेली बाई बघितली की कुणीतरी म्हणतंच, हिला घरात काम नाही वाटतं. आमच्या त्या ताईंनाही सासूबाई म्हणाल्या, “दळण टाकून मांजर फिरवतेस व्हय गं?” ताई म्हणाल्या, “अहो आत्या, पोरगं परत उपाशी राह्यलेलं बघवत नाही मला.” सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. हल्ली सकाळी गुडघ्याला तेल लावून त्या स्वतःच गच्चीवर उन्हात बसतात आणि दोरी त्यांच्या हातात असते. मांजर अडीच वर्षांचं झालंय. त्या खोलीत इतकं जगलेलं ते पहिलंच.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत कुणी असं मांजर फिरवत असेल तर गटाच्या बैठकीत तिला बोलवा, पट्टा दाखवायला सांगा. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी या महिन्यात निदान लशीची तारीख विचारून ठेवा. आणि पट्टा शिवायला शिकायचं असेल तर आपापल्या गटात मोजमाप घेऊन ठेवा, मानेचं एक आणि छातीचं एक. येताना मांजर आणू नका, मापं आणा. राम कृष्ण हरी.